नील बेटाचे शांत बीच : बेळगावहून तीन रात्री राहून आल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ज्यांना जेट स्की, बनाना राइड, बीचवर गाणी असं पाहिजे त्यांनी हे वाचू नका, त्यांना अंदमानात दुसऱ्या भरपूर जागा आहेत. हे ज्यांना खरंच शांत समुद्र पाहिजे त्यांच्यासाठी आहे. माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो, शेजारी फाउंड्री, तिचं फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणं, सकाळपासून चालू, आमचे ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर वेगळे. रात्री घरी शहापूरला आलो तरी कानात सूंऽऽ चालू असतं. डॉक्टर म्हणाले कानाला जरा विश्रांती द्या. ती कुठं मिळणार हेच शोधत होतो.

गोव्याला आपण बेळगावकर उठसूट जातो, चोर्ल्यातून उतरलं की झालं. पण रविवारी कळंगुटला गेलं की खडेबाजारात उभं राहिल्यासारखंच वाटतं, निम्मी गर्दी आपलीच, दोन ओळखीचे भेटतातच. आईला सेल्युलर जेल बघायचं फार वर्षांपासून मनात होतं, सावरकरांची कोठडी डोळ्यांनी बघायची म्हणून. मग अंदमानच ठरलं. मी, बायको आणि आई, वय ६७, गुडघे दुखतात. फेब्रुवारीत गेलो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी बंगळूर, तिथून विमान.

पॅकेज विचारायला आधी एका एजंटकडं गेलो होतो. त्यानं पाच दिवसांचा कागद पुढं केला त्यात नील बेट फक्त सकाळी जायचं आणि दुपारी परत. मी म्हटलं मला तिथं तीन रात्री राहायचंय. तो म्हणाला, "तीन रात्री तिथं राहून काय करूलालास, चार तासांत सगळं बघून होतंय की." हेच वाक्य मला नंतर तिथं रोज आठवलं. चार तासांत होतं, बरोबर आहे त्याचं, पण ते चार तास कुठले हाच सगळा प्रश्न आहे. शेवटी बुकिंग सगळं स्वतः केलं, बायकोनंच बसून केलं खरं तर.

नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिथले लोक बोलताना हॅवलॉक-नीलच म्हणतात पण तिकिटावर नवीन नाव येऊ शकतं, आमच्या बोटीच्या रांगेत एक काका घाबरून गेले होते की चुकीच्या बेटाचं तिकीट निघालं काय.

आता हॅवलॉक. तिथं आम्ही दोन रात्री होतो, थोडक्यात सांगतो. राधानगर बीच, ज्याला सात नंबर म्हणतात, २००४ मध्ये टाइम मासिकानं आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं आणि २०२० ला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित बीचला मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा, तोही मिळाला. सुंदर आहे, खोटं बोलणार नाही, मागं एवढी उंच झाडं आणि पुढं पीठ चाळून टाकल्यासारखी वाळू. पण संध्याकाळी चारला सगळ्या गाड्या तिथंच येतात, सूर्यास्त बघायला. आम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर गेलो आणि डोकी मोजून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना गेलो, तर तोच बीच, त्यावर आम्ही तिघं, एक कुत्रं आणि वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी, बास. आई वाळूत बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होती तर मला पन्नास पावलांवरून ऐकू येत होतं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की आपण बीच निवडत बसतो, वेळ निवडायला पाहिजे. एलिफंट बीचला बोटीनं गेलो, पाण्याखालचं प्रवाळ छान, पण शांतता शोधणाऱ्यानं तिकडं जाऊ नये, सगळे वॉटर स्पोर्ट तिथंच आहेत. कालापत्थर रस्त्याला लागूनच आहे, उतरा फोटो काढा चला, असं. विजयनगर म्हणजे पाच नंबर मात्र दुपारीसुद्धा बऱ्यापैकी रिकामा, झाडं वाळूवर वाकलेली, त्याखाली सावलीत पडून राहायला झकास. फक्त ओहोटीला पाणी खूप आत जातं, पोहायचं असेल तर भरतीलाच जा.

भरती-ओहोटीची गोष्ट आली की मला जरा सविस्तर लिहायला पाहिजे कारण हाच खरा मुद्दा आहे आणि कुठल्या पॅकेजच्या कागदावर हे नसतं. आपण बेळगावचे, समुद्र आपल्याला सुट्टीत दिसणार, त्यामुळं पाणी कधी वर येतं कधी खाली जातं हे डोक्यात नसतंच. दिवसाला साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप वर आणि खूप खाली, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. आईचं माहेर मालवणकडचं, तिला हे सगळं तोंडपाठ. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात तेही तिनं सांगितलं, पण ते गणित कोकण किनाऱ्याचं, अंदमानात तसंच्या तसं लागू पडत नाही, तिथं फोनवर पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल बघायचं किंवा राहतो तिथल्या मालकाला विचारायचं. पण उधाण आणि भांग तिथंही तिथीवरच. आम्ही नीलला पोचलो तो दिवस तृतीया, दुसऱ्या दिवशी संकष्टी. आई कॅलेंडर बघून म्हणाली, "उद्या चतुर्थी, म्हणजे पहाटेनंतर पाणी खाली असणार, खडकावर जायचं असेल तर उद्या सकाळीच चला." टाइड टेबल उघडून बघितलं तर ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमाराला. मी गप्पच.

नील बेट एवढंसं आहे. जेट्टीपासून पार टोकाच्या सीतापूरपर्यंत पाचेक किलोमीटर. मधे भातशेती, सुपारीच्या बागा, केळी, भाजीचे मळे, खानापूरकडं कोकणाच्या बाजूला उतरताना लागतं तसं थोडंसं. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना इथं वसवलं, त्यामुळं बोली बंगाली, हिंदी सगळ्यांना येतं. आणि गावांची नावं बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आईला हे एवढं आवडलं की प्रत्येक पाटीसमोर फोटो. आम्ही दोन स्कूटर घेतल्या, दिवसाला पाचशेप्रमाणे, एक माझी, एक बायकोची, आई तिच्या मागं बसली कारण माझ्या गाडी चालवण्यावर आईचा विश्वास नाही. गुडघे चांगले असतील तर सायकल पण पुरते.

लक्ष्मणपूर दोन, म्हणजे जिथं तो नैसर्गिक दगडी पूल आहे, तिथले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. सकाळी पावणेसहाला पोचलो. उजाडलेलं होतं, पार्किंगमध्ये आमच्या दोनच गाड्या, शहाळ्याची दुकानं बंद. पायऱ्या उतरून खडकांवरून थोडं चालायचं, इथं आईला एका हातानं मी आणि एका हातानं बायकोनं धरलं. साध्या चपला घालून अजिबात जाऊ नका, शेवाळ आहे, खडक धारदार आहेत, मागं पट्टा असलेले रबरी सॅंडल पाहिजेत. आई पुलापर्यंत आली नाही, अलीकडंच एका सपाट खडकावर बसली आणि सांगतो तिनं आमच्यापेक्षा जास्त बघितलं. पाणी ओसरलं की खडकांच्या खळग्यांत छोटी छोटी डबकी राहतात, त्यात सगळं जग अडकलेलं असतं, काळ्या समुद्रकाकड्या, निळे मासे बोटाएवढे, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, आणि एका डबक्यात तारामासा. एकही माणूस नाही. आवाज म्हणजे फक्त खडकांतून पाणी उतरताना होतो तो, गटगट, आणि खेकडे हलले की बारीक कडकड. तासभर आम्ही तिघं एकमेकांशी बोललो नाही आणि कुणाला बोलावंसंही वाटलं नाही. माझ्या कानातला सूंऽऽ चालू होता की नव्हता ते मला आता आठवत नाही, म्हणजे नसणारच.

आणि आता फरक बघा. त्याच दिवशी बारा वाजता बायकोची पाण्याची बाटली तिथं विसरली म्हणून मी परत गेलो. पार्किंगला उभं राहायला जागा नाही, सकाळच्या बोटीनं आलेले सगळे ग्रुप तिथं. आणि पाणी वर चढलेलं, भरती साडेबाराच्या आसपास, डबकी गायब, पुलाकडं जायची वाट पाण्याखाली. लोक लांबून पूल बघून "हेच काय" म्हणून परत फिरत होते. एक आजोबा काठी टेकत एवढ्या उन्हात पायऱ्या उतरून आले आणि काहीच न बघता वर चढले, मला फार वाईट वाटलं. ते पण तेवढेच पैसे भरून आलेले ना. गाइडनं आदल्या दिवशी टाइड टेबल बघून वेळ बदलली असती तर झालं असतं. एवढंच काम होतं.

भरतपूर बीच जेट्टीजवळच आहे. पाणी उथळ आणि असा रंग की फोटोत खोटा वाटेल. ग्लास बॉटम बोटी, स्पीड बोटी सगळं इथंच आहे, त्यामुळं दहा ते तीन नाव काढू नका. आम्ही चारनंतर गेलो, दुपारच्या बोटीनं एका दिवसाचे पाहुणे परत गेले होते आणि दुकानदार खुर्च्या उलट्या करत होते. शांत होता पण पाणी तोवर उतरत चाललेलं, पायाला प्रवाळाचे तुकडे लागतात, पोहण्यात मजा नाही. म्हणजे इथं शांतता आणि पाणी दोन्ही एकावेळी हवं तर भरती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असलेला दिवस पाहिजे, तो आम्हाला मिळाला नाही. माझ्याकडून याला पाचपैकी तीन.

लक्ष्मणपूर एक सूर्यास्ताचा. इथं थोडी गर्दी असते पण बीच लांबलचक आहे, वाटेतून उतरल्यावर सगळे तिथंच बसतात, तुम्ही दहा मिनिटं किनाऱ्यानं पुढं चालत जा, कुणी नसतं. घड्याळ मात्र लक्षात ठेवा. अंदमान आपल्या पूर्वेला जवळजवळ अठरा अंश रेखांश आहे आणि घड्याळ एकच, त्यामुळं सूर्य बेळगावपेक्षा सव्वा तासाच्या आसपास आधी उगवतो आणि आधी मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचलाच सूर्य खाली. आपल्याकडं साडेपाचला दुपारचा चहा चालू असतो. पहिल्या दिवशी आम्ही सहाला पोचलो आणि अंधारात परत आलो.

सीतापूर बेटाच्या टोकाला, सूर्योदयाचा. लाटा इतर बीचपेक्षा जोरात, बाजूला चुनखडीचा कडा. खायला-प्यायला काही मिळेल म्हणून जाऊ नका. सूर्योदयाला पंधरा-वीस लोक होते, सूर्य वर आला, फोटो झाले आणि वीस मिनिटांत सगळे नाश्त्याला परत, मग आठपर्यंत आम्हीच. इथं पाण्यात उतरू नका, ओढ आहे आणि रिकाम्या बीचवर लाइफगार्ड नसतो हे लक्षात ठेवा. शांत बीचची ही दुसरी बाजू आहे, कुणी नाही म्हणजे वाचवायला पण कुणी नाही. मगरींचे बोर्ड दिसले तर ते शोभेला लावलेले नाहीत, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळच्या खाडीत एका परदेशी पाहुणीचा जीव गेलाय. कांदळवन आणि खाडीच्या तोंडाजवळ कितीही निवांत वाटलं तरी पोहू नका.

आता रामनगर. याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. ह्या बीचवर बघण्यासारखं काही नाही. पूल नाही, सूर्यास्ताचा पॉइंट नाही, बोटी नाहीत, म्हणून ग्रुप तिकडं वळतच नाहीत. वाळूची बारीक पट्टी, मधे मधे खडक, मागं नारळ. आमचं होमस्टे त्या बाजूला होतं, चालत पाच मिनिटं. तीन दिवसांत दुपारच्या वेळी आम्हाला तिथं सगळी मिळून सहा-सात माणसं दिसली असतील. आई सावलीत वाती वळत बसायची, बायको पुस्तक वाचायची, मी काहीच करत नव्हतो. काहीच न करणं मला जमेल असं वाटलं नव्हतं, कारखान्यात कायम एक कान फोनवर एक कान स्पिंडलवर असतो. दुसऱ्या दिवसापासून जमलं.

संकष्टीची रात्र सांगतो. आईचा उपास, साबुदाणा आणि दाण्याचं कूट आम्ही घरूनच नेलं होतं, होमस्टेच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघर दिलं आणि शेजारी उभं राहून खिचडी कशी करतात ते बघून घेतलं. आम्ही त्यांना आपला बेळगावचा गोड कुंदा दिला, त्यांच्या मुलानं रात्रीच संपवला. कॅलेंडरात चंद्रोदय साडेनवाच्या आसपास लिहिलेला, पण तो आपल्याकडचा. सूर्यासारखा चंद्र पण तिकडं आधी उगवणार हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जेवणाआधी जरा बीचवर जाऊन बसू म्हणून सात-सव्वासातला गेलो, गडद अंधार, पाणी नुकतंच ओसरून परत वळत होतं, एवढे तारे मी जांबोटीच्या जंगलात पण बघितलेले नाहीत. सव्वाआठला सुपारीच्या शेंड्यांमागं उजेड झाला आणि चंद्र वर आला. आई उठून उभी राहिली. "अरे, एवढ्या लवकर आला रे." ताम्हन-पळी काही जवळ नव्हतं, तिनं ओंजळीत बाटलीतलं पाणी घेऊन तिथंच वाळूत अर्घ्य दिलं. घरी दर महिन्याला गच्चीत जाऊन समोरच्या अपार्टमेंटच्या मागून चंद्र कधी दिसतो म्हणून तिची मान दुखते. त्या रात्री तिनं पहिला घास खाल्ला तेव्हा बेळगावात तिच्या मैत्रिणी अजून तासभर थांबून होत्या, तिनं फोन करून सगळ्यांना सांगितलं.

होमस्टेबद्दल पण लिहितो, रिव्ह्यू आहे म्हटल्यावर सगळं लिहायला पाहिजे. खोली साधी आणि स्वच्छ, जेवण म्हणजे भात, डाळ, मळ्यातली भाजी, मासे हवे तर सकाळी सांगायचे. नळाचं पाणी जरा खारट, केस चिकट होतात. लाइट दोनदा गेली, एकदा तर पाऊण तास. आणि वाळूतल्या बारीक माश्या, डासापेक्षा लहान, चावल्यावर समजत नाही, दुसऱ्या दिवशी पायाला लाल गांध्या आणि खाज आठवडाभर. पँट लांब घाला, अंगाला खोबरेल चोळा, नुसत्या वाळूवर न बसता जाड चादर टाका. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, मला ते बरंच वाटलं, पण कुणाचं काम अडत असेल तर आधी विचारून घ्या. पैसे रोख जवळ ठेवा.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात, आमच्यासमोर एका लहान मुलीची पिशवी रिकामी केली, ती रडत होती.

सेल्युलर जेल परतीच्या दिवशी केलं. सात पाखांपैकी तीन उरल्यात. आई तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीसमोर दहा मिनिटं उभी होती, १९११ ला आणलं होतं त्यांना, आणि खिडकी एवढी वर की समुद्र बेटावर असून दिसत नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हेच पाणी, बघ." त्यावर मी काय बोलणार.

कुणी जाणार असाल तर माझं ऐका, बेटं कमी करा आणि रात्री वाढवा. नीलला निदान दोन, जमल्या तर तीन. तिकीट काढायच्या आधी तिथी बघा, पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर तिसरा-चौथा दिवस नीलला पडेल असं धरलं तर सकाळी लवकर पाणी खाली मिळतं आणि पूल तुमचा एकट्याचा. आणि राहायची जागा जेट्टीजवळ नको, रामनगर-सीतापूरच्या बाजूला घ्या.

पुढच्या खेपेला लाँग आयलंडचा लालाजी बे बघायचा विचार आहे, तिथं अजून कमी लोक जातात म्हणे. बायकोनं बोटींचं बघायला सुरुवात केलीय. आई म्हणतेय आधी नवीन कॅलेंडर येऊ दे, माघातली संकष्टी कुठल्या वारी येते ते बघून मग तिकीट काढा.